पाव्हणं जेवंना

किसननानांना नमस्कार केला तर ते उलट नमस्कार करायचे नाहीत. समोरच्याचा उजवा हात धरायचे, नाकाशी न्यायचे आणि हुंगून सांगायचे, "मेथी. पण लसूण करपलाय." खरंच मेथी असायची, आणि लसूणही करपलेला असायचा. आमच्या ह्यांचा हात रोज सकाळी कामावर जाताना असा हुंगला जायचा, तोही भर नळाजवळ, चार बायकांच्या देखत. माझ्या स्वयंपाकाची अशी जाहीर चौकशी करणारा माणूस मला आवडायचं काही कारण नव्हतं. पहिले सहा महिने मला ते अजिबात आवडत नव्हते, हे आधीच सांगून टाकते. मी फटकळ बाई आहे, मनात ठेवून बोलायची मला सवय नाही.

नाना म्हणजे कंपनीच्या कॅन्टीनचे आचारी. तेव्हा आमच्या चिंचवडला कारखाने बोटांवर मोजण्याइतके होते. मध्येच एखादं धुराडं, आणि बाकी सगळा माळ आणि बाजरी. कंपनीनं स्टेशनच्या बाजूला कामगारांसाठी दोन चाळी बांधल्या होत्या. एकीत आम्ही राहायचो, आणि नळाच्या पलीकडे समोरच्या चाळीत, टोकाच्या खोलीत नाना. पन्नाशीचा माणूस, खेडकडचा, एकटाच. आयुष्यभर गावोगावच्या लग्नांत पंगती उठवल्या आणि मग कंपनीत लागले. रोज पाचशे माणसांना जेवू घालायचे, आणि प्रत्येक ताट परत जाताना स्वतः बघायचे. "ताट बोलतं, वहिनी," असं त्यांचं म्हणणं. कुणी कोशिंबीर तशीच टाकली की त्याचं घरी भांडण झालंय, कुणी भात चिवडून ठेवला की त्याला पाळी बदलून हवी आहे. आमचे हे तिथं बॉयलरवर फिटर होते. एकदा ह्यांनी भाकरी अर्धी ठेवली, तर संध्याकाळी नाना माझ्याकडे येऊन म्हणाले, "दाढ बघून घ्या त्येंची." दाढ खरंच किडली होती.

आता मुख्य गोष्ट. त्या वर्षी दिवाळीनंतर मंचरकडून कॅन्टीनला बटाट्याची पोती आली. एक पोतं ओतलं तर बटाट्यांबरोबर चांगली सहा फुटांची धामण जमिनीवर पडली. भांडी घासणारे ओट्यावर चढले. कुणी उलथनं घेतलं, कुणी मुसळ. नाना म्हणाले, "थांबा. आमच्याच गावाकडच्या बटाट्यातनं आलंय. पाव्हणं हाय. पाव्हण्याला आधी जेवाय घालायचं, मंग काय ते विचारायचं." आणि उंदराच्या सापळ्यात सकाळी सापडलेला एक लठ्ठ उंदीर त्यांनी तिच्यापुढं टाकला. पाव्हण्यानं तो दोन मिनिटांत गिळला. पहिल्याच वाढपाला पान साफ झालं म्हटल्यावर नाना विरघळलेच. चहाचं मोठं लाकडी खोकं आणलं, त्याला एका बाजूनं जाळी ठोकली आणि पाव्हणं घरी आणलं.

चाळीत काय आकांत झाला ते विचारू नका. धामणीला विष नसतं हे मला आज माहीत आहे, पण तेव्हा ती म्हशीच्या पायांना विळखा घालून दूध पिते, शेपटीनं मारते, असं काय काय आम्ही ऐकलेलं. मी ह्यांना म्हटलं, एक तर तो साप जाईल नाहीतर मी पोरं घेऊन माहेरी नगरला जाईन. हे म्हणाले, "तू नगरला गेलीस तर मला कॅन्टीनमध्येच जेवावं लागेल, आणि नाना तुझी चौकशी करतील." झालं, एवढाच काय तो आधार.

पण खरं सांगायचं तर त्या खोक्यातून कधी कुणाला त्रास झाला नाही. दर गुरुवारी संध्याकाळचा पाचाचा भोंगा झाला की नाना पिंजऱ्यातला उंदीर घेऊन यायचे, हातपाय धुवायचे आणि मगच पान वाढायचे. होय, 'पान' असंच म्हणायचे. रविवारी कॅन्टीन बंद असलं की पाव्हण्याला धान्याच्या कोठीत मोकळं सोडायचे, आणि संध्याकाळी पोत्यांमागून उचलून परत आणायचे. त्याला आमचे हे 'रविवारचा ओव्हरटाइम' म्हणत. कोठीतले उंदीर संपले म्हणून मॅनेजरसाहेबांनी नानांची पाठ थोपटली. पाव्हण्याबद्दल साहेबांना कुणी काही बोललं नाही.

पौषात थंडी वाढली तसं पाव्हण्याचं खाणं मंदावलं. पंधरा दिवसांतून एकदा, तेही नाखुशीनं. नानांनी खोक्याशेजारी शेगडी लावायला सुरुवात केली. "गारठ्यात कुणालाबी भूक लागत न्हाई, वहिनी," असं मलाच समजावून सांगायचे. फाल्गुन लागला आणि चित्र पालटलं. पाव्हणं आठवड्याला दोन-दोन उंदीर खाऊ लागलं, वर जाळीला तोंड लावून आणखी मागायला लागलं. नानांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. नळावर येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगायचे, "माझ्या हाताला चव हाय म्हणून खातंय."

अन् मग अक्षय्य तृतीयेच्या पुढच्या गुरुवारी पाव्हण्यानं पानाला तोंड लावलं नाही.

नाना म्हणाले, ऊन फार आहे. दुसऱ्या गुरुवारीही तेच. तेव्हा म्हणाले, उंदीर शिळ्या पिठावर वाढलेला असेल. मग त्यांनी आचाऱ्याची सगळी अक्कल पणाला लावली. उंदीर बदलले. बेडूक आणला. चिमणीची अंडी आणली. एके दिवशी मी दारातून माझ्या डोळ्यांनी पाहिलं, ह्या माणसानं उंदराला साजूक तूप चोळलं आणि खोक्यात ठेवला. मी म्हटलं, "वरून कोथिंबीर भुरभुरायची राहिली की." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, आता खरंच घालतात की काय. पाव्हणं मान फिरवून कोपऱ्यात जाऊन बसलं, आणि तो तुपाचा उंदीर शेवटी मांजरानं खाल्ला.

चार गुरुवार गेले. नानांनी मनाशी एक गोष्ट ठरवून टाकली, ती म्हणजे आपल्या हाताची चव गेली. मुक्या जनावराला कळलं, माणसं भिडेखातर बोलत नाहीत. आता आचाऱ्याच्या डोक्यात असं काही शिरलं की त्याच्या हातातला डाव कापायलाच लागतो. आमटीत मीठ दोनदा पडलं. भात खाली लागला. एक दिवस लापशीला हिंगाची फोडणी बसली. पाचशे माणसं अर्धपोटी उठायला लागली आणि परत येणारी भरली ताटं बघून नाना आणखी खचले. "बघा, ताट बोलतंय," असं पुटपुटत बसायचे. हे घरी येऊन पुन्हा जेवायचे. एके दिवशी ह्यांनी सांगितलं की नाना राजीनामा द्यायचा म्हणतायत, डाव उचलायला हात धजत नाही म्हणे.

त्याहून मला जे खटकलं ते वेगळंच. पंधरा दिवसांत त्यांनी ह्यांचा हात एकदाही हुंगला नव्हता. खरं तर मला बरं वाटायला हवं होतं. पण सकाळी नळावर ते खाली मान घालून निघून जायचे आणि माझा दिवस कसा तरीच सुरू व्हायचा.

मला काही ते बघवेना. तीन पोरं वाढवलेली बाई मी. पोर जेवत नसलं की काय करतात हे मला कोण शिकवणार? मीठ, मोहरी, सात सुक्या मिरच्या पदरात बांधल्या आणि नळ ओलांडून गेले.

"नाना, तुमच्या पाव्हण्याची दृष्ट काढते."

ते बघतच राहिले. "सापाला लागती व्हय दृष्ट?"

"दोन-दोन उंदीर खातो म्हणून गावभर सांगत कोण होतं? लागणार नाही तर काय."

आयुष्यात पहिल्यांदा मी त्या खोक्यासमोर गेले. तोंडानं 'आल्या-गेल्याची, पापी-चांडाळाची' असं चालू ठेवलं आणि तीनदा ओवाळून मुठी शेगडीत टाकल्या. असा ठसका उठला की नाना बाहेर पळाले, मी खोकून खोकून लाल झाले आणि शेजारच्या खोलीतून कुणीतरी शिव्या घातल्या. ठसका लागला म्हणजे दृष्ट नव्हती. दृष्ट असती तर मिरच्यांचा वासही आला नसता, हे कुणीही सांगेल.

डोळे पुसत मी पुन्हा खोक्याकडे पाहिलं. आता आलेच होते तर नीट पाहून घेतलं. पाव्हणं उन्हाची तिरीप पडायची त्याच कोपऱ्यात पडलेलं. अंगानं मधून खाली जाड झालेलं. आणि सारखं उठायचं, गोणपाटाखाली तोंड खुपसून जागा करायचं, मनासारखी झाली नाही की दुसरीकडे करायचं. मी एकदम कमरेवर हात ठेवले. हे सगळं मला फार ओळखीचं होतं.

"नाना, ह्याच्या पोटात अंडी आहेत. तुमच्या पाव्हण्याला दिवस गेलेत."

"काय बोलता वहिनी. पाव्हणं गडी हाय."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

कुणीच सांगितलं नव्हतं. ते आपलं धरून चालले होते. ते मटकन पाटावर बसले. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "आन् मी सहा महिने तिच्यासमोर धोतर बदलतोय."

मी तिथंच भिंत धरून हसले. संध्याकाळी बघते तर खोक्यापुढं दोरी बांधून जुनी चादर अडकवलेली.

चाळीत बातमी फुटायला वेळ लागला नाही. आमच्या ह्यांनी शंका काढली की कोठीच्या मोरीतून कुणीतरी रविवारी येत असणार. नानांना ते फार लागलं. पुढचे दोन रविवार ते हातात काठी घेऊन कोठीत मोरीसमोर बसून होते. "सापडू दे, मंग बघतो," असं म्हणायचे. सापडून करणार काय होते, देव जाणे. मी म्हटलं, आता तिला मोकळं सोडून द्या, बिचारी आपली जागा शोधेल. त्यावर माझ्यावरच उसळले. "पहिलं बाळंतपण माहेरी व्हतं, वहिनी. पोटुशी लेक अशी भाईर काढतात व्हय? तुमच्याकडं नगरला काढत असतील."

पण एक चांगलं झालं. हात बिघडलेला नाही हे कळल्यावर कॅन्टीनच्या आमटीला पुन्हा चव आली. ज्येष्ठात एका सकाळी गोणपाटाखाली अकरा पांढरी अंडी दिसली, आणि त्या दिवशी पाचशे माणसांच्या ताटांत शिरा पडला. कुणी म्हणालं साहेबांना मुलगा झाला, कुणी म्हणालं बोनस आहे. नानांनी कुणालाच काही सांगितलं नाही, नुसते वाढत फिरत होते. ह्यांना मात्र दोनदा वाढला आणि कानात म्हणाले, "वहिनींना सांगा, सुखरूप सुटली."

आता खाईल, असं आम्हा दोघांनाही वाटत होतं. पण ती अंड्यांवर वेटोळं घालून बसली ती बसलीच. गुरुवारचं पान तसंच परत. दुसरा गुरुवार तसाच. पाठीचा कणा वर दिसायला लागला, कातडी निस्तेज झाली. नाना दिवसातून चार वेळा कॅन्टीनमधून घरी पळत यायचे, चादर बाजूला करून बघायचे आणि परत जायचे. एकदा मला म्हणाले, "वहिनी, ही माझ्या घरात उपाशी मरती का काय?" त्यांच्या आवाजात काय होतं ते सांगता येत नाही. पाचशे माणसं जेवून उठली तरी नानांच्या मनात ती एकच उपाशी राहिलेली होती.

मी जरा कडकच बोलले. "नाना, माहेरवाशिणीला सव्वा महिना ठेवतात. सव्वा महिना झाला की तिची पाठवणी करायची. तिला बाहेरचं काय हवंय ते इथं खोक्यात मिळत नाही."

"पंचमी तोंडावर आलीया," ते म्हणाले. "पंचमीला लेकी माहेराला येतात. आन् मी घालवू?"

"पंचमीपर्यंत राहील का ती? बघा तिच्याकडे."

त्यांनी पाहिलं. मग चादर नीट केली आणि म्हणाले, "गेनूभाऊला सांगावा धाडतो."

गेनूभाऊ म्हणजे तळवड्याचे शेतकरी. कॅन्टीनला भाजी द्यायचे आणि उंदीर भुईमूग खातात म्हणून रोज रडायचे. धामण बांधावर येणार म्हटल्यावर ते आनंदानं कबूल झाले. रविवारी, सोमवारची भाजी उतरवून रिकामी बैलगाडी परत जाताना तिच्यात खोकं चढवलं, अंडी हलू नयेत म्हणून खाली पेंढा. मी सकाळीच नारळ, तांदूळ आणि हिरवा खण काढून ठेवला होता. हे म्हणाले, "सापाची ओटी भरतेस?" मी म्हटलं, "माहेरून रिकामी पाठवायची का?" खोक्यावर कुंकू लावलं, खण ठेवला, नारळ ठेवला. सबंध चाळ दारात उभी होती. एरवी हसणाऱ्या बायका, पण एकही हसली नाही. मी आणि हे नानांबरोबर गाडीत चढलो.

तळवड्याला गेनूभाऊंच्या बांधावर घायपाताची दाट रांग होती आणि तिच्या कडेनं ओढा. सावलीत खोकं टेकवलं. नानांनी स्वतः खिळे उपसले आणि जाळी बाजूला केली. आम्ही मागं सरकून बसलो. पाऊण तास ती हलली नाही. नाना अगदी जवळ उकिडवे बसून होते. मग तिनं मान बाहेर काढली, जीभ लवलवली, आणि सावकाश पुरी बाहेर आली. बांधावरून ओढ्याकडे गेली. आम्हाला वाटलं संपलं. तेवढ्यात गवतात खळबळ झाली आणि तिनं झेप घातली. एक चांगला मोठा बेडूक होता. पाय हलताना दिसत होते, मग दिसेनासे झाले, आणि तिच्या गळ्यातून तो फुगवटा हळूहळू खाली सरकत गेला.

"जेवली," नाना म्हणाले. "वहिनी, जेवली." ते तिथंच चिखलात बसले आणि दोन्ही हातांनी तोंड पुसत राहिले.

थोड्या वेळानं ती परत आली आणि खोक्यात अंड्यांजवळ शिरली. नानांनी खोकं तिथंच राहू दिलं, वर पाचट टाकलं. गेनूभाऊंना चार वेळा बजावलं की कुणी काठी उचलायची नाही. मला वाटलं, सुटले बिचारे एका काळजीतून. सोमवारी सकाळी त्यांनी नळावर ह्यांचा हात धरून हुंगला आणि म्हणाले, "वांगं. बरं झालंय." मी मनात म्हटलं, चला, गाडी रुळावर आली.

त्या गुरुवारी संध्याकाळी मी पुरणाची वाटी घेऊन त्यांच्याकडे गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. आतून बोलण्याचा आवाज येत होता. कुणी गावाकडचं आलंय असं समजून मी उंबऱ्याशीच थांबले.

"...पाचशे अकरा पानं झाली आज," नाना सांगत होते. "त्यो कदम आला न्हवता. त्येचं पोरगं आजारी हाय म्हणं. सायबानं दुसऱ्यांदा आमटी मागितली. मागितली खरी, पर मला वाटतं वाईच आंबट झालीती. तुला काय वाटतं?"

मी दार जरा ढकललं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. नाना भिंतीला टेकून बसले होते, पुढ्यात भाकरी. आणि समोर फरशीवर जिथं खोकं होतं तेवढा चौकोन बाकीच्या फरशीपेक्षा उजळ दिसत होता. ते त्या चौकोनाकडे बघून बोलत होते. मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला की हे रोजचंच असणार. दिवसभर पाचशे ताटं वाचायची आणि घरी येऊन ते कुणाला तरी सांगायचं. गेले आठ महिने सांगायला कुणीतरी होतं. त्याआधी कोण होतं, आणि आता कोण असणार होतं?

मला माझाच राग आला. ह्या माणसाला मी सहा महिने शिव्या घातल्या होत्या.

मला बघून नाना ओशाळले. भाकरी बाजूला सारून उठायला लागले. मी म्हटलं, "बसा." आत गेले, पदर खोचला आणि त्या उजळ चौकोनावर मांडी घालून बसले. पुरणाची वाटी त्यांच्या पुढ्यात ठेवली.

"मग?" मी विचारलं. "दुसऱ्यांदा वाढली तेव्हा साहेबांनी सगळी संपवली का?"

नानांनी भाकरी जवळ ओढली आणि म्हणाले, "त्येचं असं झालं, वहिनी..."

त्या दिवशी आमच्या घरी पानं फार उशिरा वाढली गेली.